उधाण, भांग आणि हजेरीची वही

माझ्या मुलाने शिडाची होडी सोडली त्याला पाच वर्षं झाली. मी अजून सोडलेली नाही. तशी मी ती कधी धरलीही नव्हती. मला पोहताही धड येत नाही. तरी ऑक्टोबर ते मे दर रविवारी चेंबूरहून हार्बरची गाडी, सीएसएमटीहून कुलाब्याची बस आणि मग आमच्या होड्यांच्या क्लबच्या धक्क्यावर छत्री, थर्मास नि एक लांबट वही घेऊन बसायचं, हा क्रम चुकत नाही. घरी पाहुणे आले की नवरा सांगतो, "पोरगा सुटला, आई अडकली."

अडकले त्याचं असं झालं. पहिल्या हंगामात एका रविवारी कोचने आम्हा आईबापांकडे बघून विचारलं, "कुणी नावं लिहून घेईल का? मला पाण्यावर जायचंय." सगळ्यांचं लक्ष एकदम मोबाइलमध्ये. मी बँकेतली, रकाने आखलेली वही दिसली की हात आपोआप पुढे होतो. किती मुलं पाण्यात गेली आणि किती बाहेर आली एवढंच लिहायचं, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. कॅश जुळवण्यात आयुष्य गेलं होतं, म्हटलं यात काय मोठंसं. संध्याकाळी एक आकडा कमी आला. पोटात जो गोळा उठला तो आजही आठवतो. हरवलेली मुलगी बायकांच्या बाथरूममध्ये निवांत केस धूत होती.

शर्यतीचा निकाल फळ्यावर लागतो, वही माझ्या पिशवीत राहते. क्लबच्या बैठकीत बोलणं व्हायचं ते फळ्यावरच्या गोष्टींचं: राष्ट्रीय स्पर्धेला किती मुलं गेली, नव्या होड्या कधी येणार, शिडं कुठून मागवायची. वहीत वेगळंच दिसायचं. दिवाळीला दोन पानं भरून नावं, होळीला जेमतेम अर्धं पान. मधली पोरं गेली कुठे? एकदा धीर करून विचारलं, तर एक ज्येष्ठ सदस्य समजावणीच्या सुरात म्हणाले, "चाळणी लागायचीच हो. उरतात ते खेळाडू." मी गप्प बसले. पण तेव्हापासून ज्याचं नाव गळलं त्याच्या घरी फोन करायची खोड लागली. उधारी वसूल करणाऱ्याच्या चिकाटीने करते, असं मुलगा म्हणतो.

आधी होडीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्याभोवती फिरतं. तिचं नाव ऑप्टिमिस्ट, मुलांच्या तोंडी ऑप्टी. लांबी २.३ मीटर, नुसत्या होडीचं वजन ३५ किलो, शीड ३.३ चौरस मीटरचं, आणि आत एकच मूल. पहिल्यांदा पाहिली तेव्हा धुणं भिजवायच्या टबाला कुणी डोलकाठी लावलीय असं वाटलं होतं. १९४७ साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याने ती आखली. त्या काळी तिथली मुलं लाकडी खोक्यांच्या गाड्या उतारावर सोडून शर्यती लावत. मेजर क्लिफर्ड मॅके यांचं म्हणणं असं की गाडी शर्यत झाली की अडगळीत जाते, त्यापेक्षा मुलांना होडी द्या, ती पुन्हा पुन्हा वापरता येईल. मात्र ती स्वस्त हवी, घरच्या गॅरेजात ठोकून होण्याजोगी. प्लायवूड मिळायचं आठ फुटी, म्हणून होडी आठ फुटांच्या आत. तेवढ्या फळीत टोकदार नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, काही निघेना, म्हणून नाळ चपटी. आज जगभरची मुलं फायबरग्लासच्या ज्या ऑप्टीत बसतात तिचं हे थोबाड प्लायवूडच्या मापाने ठरलेलं आहे. नव्या परदेशी होड्या आल्याशिवाय कार्यक्रम सुरूच करता येणार नाही असं कुणी म्हणालं की मला ती आठ फुटी फळी आठवते.

वहीतली पहिली गळती तिसऱ्या-चौथ्या रविवारी व्हायची. फोन केला की पलीकडून आई सांगायची, "सर्दी झालीय." दुसरीही तेच. इतक्या पोरांना एकदम सर्दी? मग एकीने खरं सांगितलं. मागच्या रविवारी होडी उलटली, मूल घाबरलं, रात्री झोपेतून उठून बसलं.

ऑप्टी उलटणं ही पाण्यावरची अगदी रोजची बाब. शीड पाण्यावर आडवं पडतं, मूल बाहेर फेकलं जातं. त्याने पोहत होडीच्या तळाकडे जायचं, तळातून बाहेर आलेल्या फळीवर, डॅगरबोर्डवर, लटकायचं, आपल्या वजनाने होडी उभी करायची, मागच्या बाजूने आत चढायचं आणि उपसायला लागायचं. आत फुगवलेल्या पिशव्या असतात, त्यामुळे होडी बुडत नाही. पण उभी राहते ती काठोकाठ भरलेलीच. उपसायला बेलर, म्हणजे तेलाच्या पाच लिटरच्या कॅनला तिरका काप देऊन केलेलं भांडं, दोरीने होडीला बांधलेलं. आठ-नऊ वर्षांचं मूल त्या खाऱ्या हौदात गुडघे टेकून, अंगावर लाइफ जॅकेट घालून, खस खस करत पाणी बाहेर फेकत असतं तेव्हा काठावरच्या आईने कुठे बघायचं हा प्रश्न असतो. मी वहीत बघत असे.

म्हणजे उलटण्यावर उपाय नव्हता, ते कधी होतं ते बदलता येत होतं. पूर्वी मुलं दोन-तीन रविवार कोरडी राहायची, आपल्याला जमतंय असं वाटू लागायचं, आणि मग एखाद्या झोतासरशी सगळं पालथं. आता पहिल्याच दिवशी, कमरेइतक्या पाण्यात, सगळ्यांच्या होड्या मुद्दाम उलटवतात. सुरुवात कोच स्वतःपासून करतो. त्या इवल्याशा होडीत तो सहा फुटी माणूस मावतच नाही, बसताक्षणी धप्पकन उलटतो आणि पोरं खिदळतात. नंतर बेलरने कोण आधी होडी रिकामी करतं याची शर्यत. दुपारपर्यंत "सर, अजून एकदा पाडू?" अशी भुणभुण सुरू होते. तो बदल केला त्या हंगामात सर्दीचे फोन जवळजवळ थांबले.

दुसरी गोष्ट तांडेलमामांनी शिकवली. ते सेफ्टी बोट चालवतात. चाळीस वर्षं मासेमारी करून आता क्लबात. शर्यतींचं वेळापत्रक आमच्याकडे पूर्वी सुटीच्या हिशेबाने लागायचं: रविवार, सकाळी दहा. मुंबई बंदरात हा हिशेब चालत नाही. दहाला कधी पाणी धक्क्याला टेकलेलं, तर कधी समोर काळाकुट्ट चिखल आणि त्यात रुतलेल्या ट्रॉल्या. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, इथे पाणी चार-साडेचार मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. एकदा पौर्णिमेच्या रविवारी दुपारी शर्यत सुरू झाली तीच ओहोटी लागताना. वारा वायव्येचा, म्हणजे वरचा मार्क, वळसा घालायचा तरंगता बोया, त्या बाजूला, आणि पाणी ओढतंय बरोबर उलट, दक्षिणेला, बंदराच्या तोंडाकडे. पोरं होडी पुढे हाकत होती आणि बंदर त्यांना मागे नेत होतं. पाऊण तासाने कोचने शर्यत रद्द केली आणि सेफ्टी बोटीने बदकांच्या पिल्लांसारखी माळ ओढत आणली. त्या रात्री मला तीन फोन आले, आणि त्यांतला एकही सर्दीचा नव्हता.

मामा म्हणाले, "ताई, घड्याळ नको, तिथी बघा. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती." चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे अष्टमीच्या दुपारी बाराला पाणी अगदी तळाला, पण ते दिवस भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, ओढ मऊ. कोकणातल्या बायामाणसांना हे पाठ असतं. मी जन्मभर मुंबईत राहून मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून हंगामाचं वेळापत्रक कालनिर्णय समोर ठेवून होतं. भांगाचे रविवार नवशिक्यांचे, उधाणाचे रविवार ज्यांना ओढ वाचता येते त्यांचे. एक सदस्य कुरकुरले की आंतरराष्ट्रीय दर्जाचा कार्यक्रम पंचांगावर चालवता काय. भरती-ओहोटीचे छापील तक्ते मिळतात, ते आम्ही पडताळूनही पाहतो. पण धक्क्यावर उभं राहून बोटांवर करता येणारा गुणाकार वेगळा.

वाऱ्याचंही तसंच. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी पाचवी-सहावीत घोकलेत, दोन गुणांची टीप म्हणून. इथे ते अंगावर येतात. सकाळचा मतलई जमिनीकडून येणारा, हळू. दहा-अकराला तोही मरतो आणि शिडं ओल्या टॉवेलासारखी लोंबतात. मग बाराच्या पुढे खारा वारा उठतो, पण आम्ही बंदराच्या आतल्या अंगाला, त्यामुळे तो कुलाब्याच्या इमारतींना वळसे घालत तुटक तुटक पोचतो. पाण्यावर काळसर पट्टा, म्हणजे वाऱ्याचा झोत, सरकत येताना दिसला की मुलं आपोआप होडीच्या काठावर सरकून बसतात. माझ्या मुलाला भूगोलात कधी बरे गुण पडले नाहीत, पण बाल्कनीत उभा राहून आजही तो न चुकता सांगतो, "आता फिरेल."

शर्यतीचं काम मला दुसऱ्या हंगामात मिळालं. शर्यत जिथून चालवतात त्या कमिटी बोटीवर झेंडे. पाच मिनिटं उरली की वर्गाचा, म्हणजे त्या जातीच्या होडीचा, झेंडा वर, चार उरली की निळ्यात पांढरा चौकोन असलेला 'पी', एक मिनिट उरलं की 'पी' खाली, शून्याला वर्गाचा झेंडाही खाली. दर वेळी भोंगा. त्या पाच मिनिटांत पंधरा-वीस होड्या रेषेमागे माश्यांसारख्या घोंगावत असतात. होडीला ब्रेक नाही, उभं राहता येत नाही, आणि रेषा ओलांडायची ती बरोब्बर शून्याला. आधी ओलांडली तर पांढऱ्यावर निळ्या फुलीचा झेंडा चढतो, परत मागे या. नवी पोरं मागे वळून बघतच नाहीत. आख्खी शर्यत जिवाच्या आकांताने पहिली येतात आणि मग कळतं की आपण मोजलोच गेलो नाही. त्या रडण्याला माझ्याकडे फक्त लिमलेटच्या गोळ्या असतात.

आमचे जुने सदस्य तास-दीड तासाच्या शर्यतींवर वाढलेले. मुलांनाही तशीच एक लांब शर्यत लावायचे. त्यात पहिली दहा मिनिटं चुकली की उरलेला तास मूल एकटं, सगळ्यांच्या मागे, कुणाचं शीडही जवळ दिसत नाही. आता पंधरा-वीस मिनिटांची एक, अशा दिवसाला चार-पाच होतात. हरलेल्याला अर्ध्या तासात नवी रेषा, नवा भोंगा मिळतो. अगदी नव्यांचा वेगळा गट, त्यांना ग्रीन फ्लीट म्हणतात, धक्क्यावरून हाक ऐकू जाईल इतक्या अंतरात दोन बोये टाकून. गुणांची पद्धतही मला फार आवडते: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, ज्याची बेरीज कमी तो वर, आणि पुरेशा शर्यती झाल्या की सगळ्यांत वाईट निकाल वगळायची मुभा. मुलाने पहिली शर्यत जिंकली तेव्हा कागद बघून माझी आई म्हणाली, "एवढ्या उन्हात जाऊन एकच मार्क?"

यात पंच शिट्टी घेऊन मागे धावत नाही. उजवीकडून वारा घेणाऱ्या होडीचा हक्क आधी, ती "स्टारबोर्ड!" म्हणून ओरडते आणि दुसरीने वाट द्यायची. आमच्याकडे त्यापुढे "अरे ए, दिसत नाही का!" हेही येतं. मार्कला होडी घासली तर स्वतःच एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि पुढे जायचं. एकदा एका मुलीने भर शर्यतीत अशी गिरकी घेतली. कुणीही पाहिलं नव्हतं, तिची जागा दुसरीवरून सातवी झाली. किनाऱ्यावर तिचे वडील माझ्याशीच भांडायला आले, मार्क हलला असेल वाऱ्याने, तुम्ही तिला सांगितलं का फिरायला? मी म्हटलं, मी तर त्या बाजूला बघतही नव्हते. ते आणखीच चिडले.

आता जे सांगायचं ते थोडं अवघड आहे. आमच्या क्लबच्या भिंतीपलीकडे, चालत दहा मिनिटांवर कोळी वस्ती आहे. तिथल्या पोरांना वारा, पाणी, ओढ आमच्या मुलांपेक्षा जास्त कळते. पण माझ्या वहीतली नावं पहिली तीन वर्षं चेंबूर, दादर, मलबार हिल, पवई इथली. भिंतीपलीकडचं एकही नाही. मामांच्या नातवाला आणू या म्हटलं तर फॉर्म पुढे आला: सभासदाची शिफारस आणि पोहण्याचा दाखला, मान्यताप्राप्त तलावाचा. तो पोरगा सहाव्या वर्षापासून जेट्टीवरून उड्या मारतोय, त्याला तलावाचा दाखला कोण देणार? दोन हंगाम तो अर्ज फिरत राहिला. शेवटी कोचने त्याला सगळ्यांसमोर धक्क्यावरून उडी मारायला लावली, नांगरलेल्या बोटीला वळसा घालून परत ये म्हणाला, आणि कागदावर स्वतः सही केली. फॉर्ममधली ती ओळ आता 'कोचसमोर चाचणी' अशी आहे. एका ओळीचा बदल, पण त्यानंतर भिंतीपलीकडची सात नावं वहीत आली.

हे करताना आम्ही कुणावर उपकार करत होतो असं कुणाला वाटत असेल तर हैदराबादकडे बघावं. तिथे समुद्रच नाही. हुसेनसागर तलावावरच्या यॉट क्लब ऑफ हैदराबादने गरीब वस्त्यांतली मुलंमुली ऑप्टीत बसवली आणि राष्ट्रीय स्पर्धांत तीच पुढे दिसू लागली. भोपाळचं तर विचारूच नका. २०२३ साली हांगझोच्या आशियाई खेळांत मुलींच्या आयएलसीए ४ या एकटीने चालवायच्या होडीच्या प्रकारात रौप्य आणलं नेहा ठाकूरने. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, भोपाळच्या तलावावर तयार झालेली. शाळेत आम्ही ७२० किलोमीटरचा किनारा पाठ केला. १९८२ चे आशियाई खेळ दिल्लीत झाले तरी शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या, आणि फायरबॉल प्रकारातलं सुवर्ण फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी मिळवलं, याच पाण्यात. त्यानंतर देशातल्या या खेळाचा बराचसा भार नौदलाने आणि लष्कराने वाहिला. नागरी क्लबांनी काय केलं, हे लिहायला माझ्याकडे फक्त माझी वही आहे आणि ती फार अभिमानाने उघडावी अशी नाही.

सगळ्यांत मोठी गळती मात्र उलटण्याची नाही, ओढीची नाही, भिंतीचीही नाही. ती दहावीची. ज्या वर्षी पंधरा पूर्ण होतात त्या वर्षाअखेरीस ऑप्टीतला मुक्काम नियमाने संपतो. मूल त्या होडीला तसंही जड झालेलं असतं, गुडघे हनुवटीला लागतात. पुढची होडी आयएलसीए, ४.२ मीटरची; तळ एकच, वयावजनाप्रमाणे शीड मोठं होत जातं. म्हणजे नवी होडी शिकायला दोन हंगाम द्यायचे ते नेमके नववी-दहावीचे. क्लासचं वेळापत्रक येतं, रविवारी टेस्ट सिरीज लागते आणि नाव गळतं. माझ्या मुलाचंही असंच गळलं. हे मी दुसऱ्यांच्या आयांना फोन करून ऐकवते, पण तेव्हा त्याच्या क्लासची फी मीच भरली होती आणि रविवारच्या बॅचला मीच होकार दिला होता. त्याने एकदाच विचारलं, "महिन्यातून एक रविवार चालेल का?" मी म्हटलं, बारावीनंतर बघू. बारावीनंतर त्यानेच बघितलं नाही.

त्यावर आमच्याकडे एक अर्धामुर्धा उपाय निघाला. त्या वयाच्या मुलांना एकट्याची होडी देण्याऐवजी दोघांची द्यायची. दोघांची म्हटली की एकाला झोप आली तरी दुसरा उठवतो, आणि आपण नाही गेलो तर त्याचा रविवार बुडेल ही लाज असते. एका निवृत्त सभासदाने आपली जुनी होडी दिली, फोर-ट्वेंटी जातीची. ४.२० मीटर लांब म्हणून ४२०, फ्रान्समध्ये आखलेली. पण एका मुलाने घरी सांगितलं, "मी आता चारसोबीस करणार," आणि त्याच्या आजोबांनी मला फोन करून विचारलं की क्लबात नेमकं काय शिकवतात. दहावीच्या मुलांसाठी वेगळा नियम ठेवला: महिन्यातून दोनच रविवार, तेही शर्यत नको असेल तर मार्क टाकायला, छोट्यांच्या सेफ्टी बोटीत बसायला या. काही जण येतात. मामांचा नातू येतो, कधी अभ्यासाची वही ओल्या जॅकेटात गुंडाळून. काही येत नाहीत, त्यांना मी फोन करते. कधी उचलतात.

या ऑक्टोबरचा पहिला रविवार. पावसाळाभर शेडमध्ये उलट्या ठेवलेल्या होड्या बाहेर काढल्या, एकीत पालींची अंडी निघाली. बारा नवी पोरं, सगळी दहाच्या ठोक्याला हजर, कुणाच्या नाकावर पांढरं सनस्क्रीन, कुणाच्या हातात आजीने दिलेला शिऱ्याचा डबा. समोर नुसता चिखल आणि त्यात चार बगळे. मी नवी वही उघडली, रकाने आखले. मामांचा नातू शेजारी येऊन उभा राहिला. दहावी झाली त्याची, आवाज फुटलाय.

"मदतनीसांचा रकाना नाही यात," तो म्हणाला.

मी फूटपट्टी घेतली आणि उजव्या कडेला आणखी एक रेघ मारली. त्याने आपलं नाव स्वतःच लिहिलं. मग पोरांकडे वळून कोचच्या थाटात विचारलं, "आज तिथी कुठली? कुणालाच नाही माहीत? षष्ठी. सहाची पाऊणपट किती?"

एक चष्मेवाली मुलगी बराच वेळ बोटं मोजत राहिली. "साडेचार."

"म्हणजे साडेदहाला पूर्ण ओहोटी. दीडपर्यंत पाणी येत नाही. चला, बेलर घ्या सगळ्यांनी."

आणि त्या कोरड्या होड्यांत बसून ती बारा पोरं पाणी नसताना पाणी उपसायला लागली.